गाडीचं पाणी

या पेजवर बहुतेक अनुभव रात्रीचे असतात. अमावस्या, बारा वाजलेले, सुनसान रस्ता.

माझा अनुभव दुपारचा आहे. भर उन्हातला.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवतोय. माझ्या वर्गात कुणी असं काही सांगितलं असतं, तर मी त्याला गप्प खाली बसवलं असतं. पण हे माझ्या दारात घडलं.

अजून घडतंय.

तारीख १९ मे २०१६, गुरुवार. दुपारचा दीड वाजला होता. आमचं गाव बीड जिल्ह्यात, सिरसाळ्यापासून नऊ किलोमीटरवर. सिरसाळ्याला न जाता आतून परळीला जाणारा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर ते झालं.

आधी गाडीबद्दल सांगतो.

१९८३ची पांढरी अँबॅसिडर. ती आमच्या भागातल्या सहकारी दूध संघाची होती. माझे वडील रामहरी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संघात ड्रायव्हर होते. चेअरमनला फिरवायचे. पुढं जनावरं कमी झाली, दूध आटलं, संघ बंद पडला. सामानाचा लिलाव झाला. दुधाचे कॅन गेले, खुर्च्या गेल्या, वजनकाटा गेला. गाडीला कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं ज्या गाडीचं स्टेअरिंग धरलं, ती तिथं धूळ खात पडलेली आबांना बघवेना.

ते तिला घरी घेऊन आले. १९९४ साल.

तेव्हा गावात दुसरी चारचाकी नव्हती. बाई अडली, कुणाला साप चावला, कुणी झाडावरून पडलं, की लोक आमच्या दारात. आबा हातातली भाकरी खाली ठेवून उठायचे. एका चावीला गाडी चालू व्हायची. कसल्याही रस्त्यानं जायची. बावीस वर्षांत तिनं कुणाला वाटेत उतरवलं नाही.

रोज सकाळी आबा आधी बॉनेट उघडायचे. रेडिएटरचं झाकण फिरवून पाणी बघायचे, कमी असलं तर घालायचे. मग स्वतःचा चहा.

"हिचं दुसरं काय मागनं न्हाई," म्हणायचे. "पानी दाखवलं की झालं."

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. एवढे आजारी, एवढे जखमी नेले, पण त्यांच्या गाडीत कुणी दगावलं नव्हतं. सगळे दवाखान्याच्या दारापर्यंत जिवंत पोचले होते.

२०१६चा उन्हाळा मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. बोअर फेस ओकत होते. गावाला नवव्या दिवशी टँकर यायचा. घरटी तीन पिंपं. गावाबाहेर आमच्या सेवा सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. आजूबाजूच्या गावांतले लोक गाई-बैल घेऊन तिथंच राहायला आले होते, वर उसाचं पाचट टाकून.

त्यातच बंकट आणि त्याची बायको रतनबाई होती. धनगराची माणसं. मेंढरं आधीच विकून झाली होती. चार गाई वाचवायला आले होते.

मी सुट्टीत घरीच होतो. त्या दुपारी बंकट पळत आला. अनवाणी. डांबरावरून.

"आबा, रतन पडली. चारा आनताना पडली. अंग लई तापलंय, अन् घाम न्हाई."

आबांनी चावी उचलली. मी सोबत निघालो. आईनं पिंपातून पाच लिटरचा कॅन भरून दिला. गाडीसाठी. उन्हाळ्यात तो कॅन नेहमीच सोबत असायचा.

"गाडीला एवढंच मिळंल," आई म्हणाली. "टँकर सोमवारी."

छावणीवरची टाकी सकाळपासून कोरडी होती. रतनबाईला आम्ही मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं बंकटच्या मांडीवर. तिच्या अंगाला हात लावला आणि मी दचकून मागे घेतला. तवा असावा तसं.

निघालो.

वाटेत एक माणूस नाही. एक सावली नाही. काचा उघड्या होत्या, पण आत येणारा वारासुद्धा पोळत होता.

अर्ध्या वाटेवर गाडीच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला...

चढत गेला...

रस्त्याखालच्या एका कोरड्या मोरीजवळ आबांनी गाडी थांबवली. बॉनेटमधून वाफ निघत होती. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग आबांनी हाताला फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. फस्स करून उरलंसुरलं पाणी बाहेर आलं.

मी कॅन घेऊन उभा होतो.

तेव्हाच मागून आवाज आला. बारीक.

"पानी..."

आम्ही तिघांनीही ऐकलं.

आबांनी कॅनकडं बघितलं. मग गाडीकडं. मग म्हणाले, "सगळं लागंल. अर्धं घातलं तर पुढं पुन्हा उभी ऱ्हाईल. मग कायच हातात न्हाई."

"घोटभर देऊ का?" मी विचारलं.

बंकट खिडकीतून बोलला.

"गाडी चालू ऱ्हाऊ द्या, आबा. ती दम धरील."

"पानी..."

मी ओतायला लागलो. बॉनेट वर होतं, त्यामुळं ती मला दिसत नव्हती. पण तिला आवाज जात असणार. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना आवाज होतो.

गट... गट... गट...

कॅनच्या तळाला थोडं उरलं होतं. एक पेलाभर असेल. मी थांबलो.

"सगळं," आबा म्हणाले.

मी कॅन उलटा केला.

गाडी एका चावीला चालू झाली. पंचवीस मिनिटांत आम्ही परळीला पोचलो. एकदाही काटा वर गेला नाही. दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना बंकट म्हणाला, "आबा, सावकाश घ्या आता."

मी मागं बघितलं.

रतनबाईचे डोळे उघडे होते. तोंड उघडं होतं. जीभ कोरडी, टाळ्याला चिकटलेली.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, उष्माघात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "वाटेत पाणी दिलं असतं तर?"



"सांगता येत नाही," म्हणाले.

आजपर्यंत मला तेवढंच उत्तर मिळालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नेहमीसारखं बॉनेट उघडलं. झाकण फिरवलं. आत बोट घातलं.

रेडिएटर कोरडा होता.

कमी नव्हता. कोरडा. बोटाला ओलसुद्धा लागली नाही.

आबांनी गाडीखाली वाकून बघितलं. धूळ जशीच्या तशी. एक थेंब पडलेला नाही.

सिरसाळ्याहून सिदू मिस्त्री आला. त्यानं आमच्याच पाण्यानं रेडिएटर भरला, गाडी तासभर चालू ठेवली. होज पाईप बघितले, जोड बघितले, इंजिन ऑईल काढून बघितलं. ऑईलमध्ये पाणी नाही. सायलेन्सरमधून वाफ नाही. कुठं गळती नाही.

"आबा, गाडी ठनठनीत हाय," तो म्हणाला. "मलाच काय कळंना."

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोरडा.

चौथ्या दिवशीही.

मी विज्ञानाचा माणूस. मी झाकणाला तार गुंडाळली आणि तारेला पीळ देऊन वर मेण लावलं. गाडीखाली चुलीतली राख पसरली, चाळणीनं, अगदी सारखी. एक मुंगी चालली तरी दिसावं अशी.

सकाळी तार तशीच. मेण तसंच. राखेवर काहीही नाही.

रेडिएटर कोरडा.

त्याच दिवशी दुपारी मी गाडीचं मागचं दार उघडलं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, काचा बंद. आत भट्टी झाली होती. पुढच्या सीटचं रेक्झिन हाताला चटका देत होतं.

मागच्या सीटवर हात ठेवला...

गार.

माठाला बाहेरून हात लावावा तशी गार. आणि सगळी सीट नाही. मी हात सरकवत गेलो. एका माणसाच्या अंगाएवढीच जागा. गुडघे दुमडून निजलेल्या माणसाएवढी.

मी दार लावलं. कुणाला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी आबा स्वतःच म्हणाले, "तू बी हात लावून बघितलास ना?"

घरात भांडणं सुरू झाली. रोज आठ-नऊ लिटर पाणी उभ्या गाडीत जात होतं. आई म्हणाली, "गाडी तर कुठं जात न्हाई. मग भरता कावून?"

आबा म्हणाले, "भरू दे."

एक दिवस ते मला घेऊन छावणीवर गेले. चालत. बंकट गाईसमोर बसला होता. आबा त्याच्यासमोर खाली मातीत बसले. अडुसष्ट वर्षांचा माणूस.

"बंकट, माझं चुकलं. घोटभर द्यायला पायजे व्हतं."

बंकट गाईच्या पाठीवरच्या माश्या हाकत राहिला.

"मीच म्हनलो व्हतो, दम धरील," तो म्हणाला. "तुमचं काय न्हाई त्यात."

"तू मला शिव्या दे."

"कशाला?" बंकट म्हणाला. "शिव्या देऊन तिची तहान भागंल का?"

आबा माती झटकून उठले. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मे संपत आला. एकदा टँकर दोन दिवस उशिरा आला. पिंपात तळाला वीतभर पाणी उरलं. आईनं पिंपावर झाकण ठेवलं आणि त्यावर बसली. म्हणाली, आज गाडीला एक थेंब मिळणार नाही. मी तिची बाजू घेतली.

त्या दिवशी रेडिएटर भरला नाही.

दुपारी घर निजलं होतं. मी शेडला लागून असलेल्या खोलीत पडलो होतो. चार वाजले असतील.

आवाज आला...

आधी वाटलं, पत्रा तापून वाजतोय. पण तो आवाज ठराविक अंतरानं येत होता.

खर्र...

थांबून पुन्हा.

खर्र...

मी उठून शेडमध्ये गेलो. आबा आधीच तिथं उभे होते, गाडीसमोर. आवाज बॉनेटच्या आतून येत होता.

मला तो आवाज कशासारखा होता ते सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

कोरड्या जिभेनं पत्रा चाटावा तसा.

आबा आत गेले आणि त्यांच्या पिण्याचा तांब्या घेऊन आले. आईनं तेवढाच त्यांच्या वाट्याला ठेवला होता, रात्रीपर्यंत पुरवायला. त्यांनी बॉनेट उघडलं, झाकण काढलं आणि तांब्या ओतला.

गट... गट... गट...

हा ओतण्याचा आवाज नव्हता. तांब्या रिकामा होऊन आबांच्या हातात लोंबकळत होता, तरी तो चालू होता.

मग एक श्वास. माणूस घटाघटा पाणी पिऊन झाल्यावर सोडतो तसा.

मग काही नाही.

त्या दिवसापासून घरातली भांडणं संपली. कारण आबांनी पिंपाला हात लावणं सोडलं. ते स्वतःच्या वाट्याचं पाणी गाडीला द्यायला लागले. सकाळचा तांब्या, दुपारचा तांब्या, जेवणाच्या वेळचा तांब्या. तेवढ्यानं रेडिएटर भरत नव्हता. पण पुन्हा तो खर्र आवाज आला नाही.

"आबा, तुम्ही काय पिता?" मी विचारायचो.

"तहान न्हाई."

"चहा तरी घ्या."

"तहान न्हाई म्हनलं ना."

आईनं पाया पडून बघितलं. मी त्यांच्या तोंडाला पेला लावला, तर दात घट्ट मिटायचे. पुढं टँकर वेळेवर येऊ लागला. मी मुद्दाम आणखी एक पिंप विकत भरून घेतलं, पूर्ण रेडिएटर भरून दाखवला. म्हणालो, आता तिचं झालं, आता तुम्ही प्या.

त्यांनी तोंड फिरवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते अंथरुणाला खिळले. लघवी बंद झाली. मी गाडी काढली. गावात आता दुसऱ्या गाड्या होत्या, पण त्यांना त्याच गाडीतून जायचं होतं. मी त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवायला लागलो, तर त्यांनी दाराची चौकट धरली. अंगात जोर नव्हता, तरी बोटं सुटेनात.

"मागं न्हाई," म्हणाले.

"आबा, आडवं पडायला बरं पडेल."

"मागं जागा न्हाई."

मी त्यांना पुढं बसवलं. आई मागं बसणार होती. तिनं आत बघितलं, एक पाय आत टाकला, आणि काढून घेतला. ती पुढंच आली. तिघं पुढच्या अखंड सीटवर दाटीनं बसलो. मागं कुणी नव्हतं. पण आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. आरसा मी छताकडं फिरवून टाकला.

गाडी एका चावीला चालू झाली. सुरळीत नेलं तिनं. काटा जागचा हलला नाही.

मोठ्या दवाखान्यात चार दिवस सलाईन चालू होतं. एक संपलं की दुसरं. तरी ओठ फुटत गेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तिसऱ्या दिवशी बाटली बदलताना नर्सबाई सहज बोलल्या, "इतकं पाणी जातंय तरी कुठं?"

आई माझ्याकडं बघत राहिली.

पाचव्या दिवशी पहाटे आबा गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस आला, तो असा की ओढे फुटले. विहिरी काठोकाठ. बंकट चारही गाई घेऊन आपल्या गावी गेला. जाताना आमच्या दारापुढून गेला, पण आत आला नाही. शेडकडं बघून त्यानं हात जोडले आणि निघून गेला.

मला वाटलं, आता तरी संपेल. संपलं नाही.

आबांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रेडिएटर दोनदा कोरडा पडतोय.

सकाळी एकदा. आणि दुपारी एकदा, चारच्या सुमाराला.

सकाळी भरला तरी दुपारपर्यंत रिकामा. राख, तार, मेण, सगळं करून बघितलं. सिदू मिस्त्रीनं नवा रेडिएटर आणून बसवला. तोही.

२०१९ला मी भंगारवाल्याला बोलावलं. तो टेम्पो घेऊन दारात आला. आई शेडच्या तोंडाशी उभी राहिली. जी बाई पिंपावर झाकण ठेवून बसली होती, ती.

"गाडी न्यायची न्हाई," म्हणाली.

"आई, किती वर्षं भरायचं हे?"

"गाडी गेली तर पानी मागायला कुठं येतील ते?"

भंगारवाला परत गेला.

तेव्हापासून पाणी आईच घालते. सकाळी आणि दुपारी. मी बदलीच्या गावाहून शनिवारी येतो, तेव्हा तिचं चालूच असतं. घालताना ती हळू आवाजात काहीतरी बोलते. मी जवळ गेलो की गप्प होते. मागच्या दाराला मी कुलूप लावलंय. ते उघडून सीटवर हात ठेवावा, आणि गार जागा आता एकाएवढी आहे की दोघांएवढी ते बघावं, असं कितीदा मनात आलं. कुलपापर्यंत गेलोही. उघडलं नाही.

गेली काही वर्षं पाण्याचं बरं होतं, म्हणून दिवस जात होते.

यंदा पाऊस झाला नाही. फेब्रुवारीतच विहिरीनं तळ दाखवला. मार्चपासून गावाला पुन्हा टँकर लागलाय. सध्या आठव्या दिवशी येतो. पुढं कधी येईल ते कुणी सांगत नाही.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला शाळेच्या गावी चल म्हणालो. तिथं नळाला पाणी येतं. ती म्हणाली, मग इथं कोण घालील?

या रविवारी मी तिच्या ताटासमोर बसलो होतो. तिनं भाकरी कोरडीच खाल्ली. शेजारी तांब्या भरलेला होता. झाकणसुद्धा काढलं नव्हतं.

"पाणी घे की," मी म्हणालो.

"तहान न्हाई," आई म्हणाली.

आणि तांब्या उचलून शेडकडं गेली.